चर्चातला सीताफळाचा वेल

भिंतीला ओल आली की माणसाला पहिली अक्कल सुचते ती झाकायची. कुणी कॅलेंडर लावतं, कुणी कपाट सरकवतं, ज्याच्याकडं पैसा जास्त तो टाइल बसवतो. पाणी कुठनं येतंय हे बघायला गच्चीवर चढणारा घरमालक मला उभ्या जन्मात दोन-तीनदाच भेटला, आणि त्यातला एक पतंग काढायला चढला होता.

मी चुन्याचा गवंडी. सहासष्ट पुरी झाली. मूळ गाव सिल्लोडकडं, पण पोट शहरात भरलं. इथल्या वेशी, मशिदी, समाध्या, कबरी, सगळ्यांना माझा हात लागलाय. डावा हात म्हणा, कारण मी डावखुरा. उस्तादांकडं पहिल्या दिवशी गेलो तेव्हा माझ्या डाव्या हातातली थापी बघून बाकीचे कामगार खिदळले. उस्ताद म्हणाले, "उल्टा हात है. चलेगा. दीवार कू क्या मालूम?" त्यांच्या घरात चार पिढ्या चुन्याचं काम. मी बौद्ध घरातला पोरगा, त्यांच्या अंगणात जेवलो, वाढलो, शिव्या खाल्ल्या आणि शिकलो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कळीचा चुना भट्टीतनं येतो तेव्हा दगडासारखा असतो. पाणी टाकलं की उकळतो, फुटतो आणि लोण्यासारखा होतो. तो हौदात महिना-महिना भिजवायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून बैलाच्या दगडी घाणीत दळायचा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा. हे ऐकलं की शहाणे लोक हसतात. म्हणतात, मिस्त्री, भिंत करताय का काढा करताय? हसा लेको. तुमच्या बिल्डिंगीचा गिलावा पहिल्या होळीला भेगाळतो, आमचा तीनशे वर्षं उभा आहे.

गिलावा थरांनी चढतो. खालचा जाड थर ओला असतानाच त्याच्यावर रेघा ओढायच्या, म्हणजे वरचा थर तिथं पकड घेतो. सगळे गवंडी सरळ तिरप्या रेघा ओढतात. उस्तादांच्या घरची रीत वेगळी. ते थापीच्या टोकानं माशाच्या खवल्यांसारखे अर्धगोल काढायचे, एकात एक अडकलेले. कष्ट दुप्पट, पण पकड अशी की वरचा थर खालच्याला सोडायचं नाव घेत नाही. शहरात हे खवले दुसरं कुणी काढत नव्हतं. माझे खवले डाव्या हातामुळं उलट्या बाजूला वळायचे, एवढाच फरक.

आणि सिमेंटबद्दल एकच सांगतो. जुनी भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. लोक म्हणतात सिमेंट पाणी आत जाऊ देत नाही. साफ खोटं. कुठल्या तरी भेगेतनं आत जाऊ देतं, बाहेर येऊ देत नाही. घामेजलेल्या माणसाला रेनकोट घालून उन्हात उभं करा, काय होतं बघा. पण हे सांगायचं कुणाला? औरंगपुऱ्यातल्या एका मोबाइलवाल्यानं मला दुकानात जुन्या वाड्यासारखी भिंत करून द्या म्हणून बोलावलं. मी म्हणालो दोन महिने लागतील. तो म्हणाला, "चाचा, रविवारी ओपनिंग आहे." शेवटी त्यानं जुन्या भिंतीच्या फोटोचं वॉलपेपर चिकटवलं, आणि लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढतात. असं हे गिऱ्हाईक.

आता त्या चर्चाचं सांगतो. आमच्या शहरातलं जुनं चर्च. कोणतं ते सांगत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळंल, आणि ज्यांचं नाही त्यांनी कळून काय करायचंय?

एका पावसाळ्यात, रविवारची प्रार्थना चालू असताना, समोरच्या कमानीवरचा परातीएवढा गिलावा सुटला आणि पहिल्या बाकावर आदळला. कुणाला लागलं नाही, कारण पहिल्या बाकावर कुणी बसतच नाही. सगळे मागं बसतात आणि लवकर निघतात. आमच्या विहारात तरी काय वेगळं आहे?

पाऊस उघडल्यावर मला बोलावणं आलं. रफिकला घेऊन गेलो. रफिक म्हणजे उस्तादांचा मुलगा. उस्ताद गेल्यापासून आम्ही दोघं भागीदारीत काम करतो. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी त्रिभुवनसाहेब दारातच उभे होते. विम्याच्या ऑफिसातनं रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं.

"मिस्त्री, हे काम साधंसुधं नाही बरं," ते म्हणाले. "कमानीवर द्राक्षवेल आहे, येशूचं प्रतीक. इंग्लंडहून कारागीर आणवले होते त्यासाठी."

त्यांच्याबरोबर पुण्याचा एक कन्सल्टंट होता. त्याच्याकडं दोन सुया असलेलं मीटर. सुया भिंतीत खुपसून त्यानं जाहीर केलं की भिंतीत ओल आहे. खाली शेवाळ दिसत होतं, वरनं चुना गळत होता, पायाखाली चिखल झाला होता. पण मीटरनं सांगितलं तेव्हा कुठं सगळ्यांच्या माना हलल्या.

मी शिडी लावून वर गेलो. कमानीच्या दोन्ही बाजूंनी चुन्याचा उठावाचा वेल, पानं, फळं. जवळनं बघितलं आणि मला हसूच फुटलं. द्राक्षं कसली? सीताफळं! डोळ्या-डोळ्याची, देठाशी बसकी. पानंसुद्धा लांबट, सीताफळाचीच. सीताफळाला वेल नसतो, झाड असतं, हे शेंबडं पोर सांगंल. पण इथं वेलाला सीताफळं लागली होती, आणि अशी की हातानं दाबून पिकलंय का बघावं.

वरनंच विचारलं, "साहेब, इंग्लंडात सीताफळं होतात का हो?"

मागच्या बाकावरनं कुणीतरी मोठ्यानं हसलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, पांढरी साडी, पाठ ताठ. ती मार्थाबाई पगारे, दवाखान्यातनं निवृत्त झालेली नर्स. म्हणाली, "इतक्या वर्सांत पयला माणूस आला डोळे असलेला. खाली या मिस्त्री, सांगते."

खाली आलो, तिनं सांगितलं. "माझ्या पणज्यानं केलंय ते. दुष्काळात मिशनच्या कामावर चुना मळायला आला आन इथलाच झाला. साहेबानं कागदावर द्राक्षाचा घोस काढून दिला, म्हणला असा वेल कर. पणज्यानं जलमात द्राक्ष बघितलं नव्हतं. त्याला वाटलं सीताफळ हाय. केली सीताफळं. साहेब आला, बघितलं, आन म्हणला, राहू दे."

"मावशी, याला रेकॉर्डवर काही आधार नाही," त्रिभुवनसाहेब म्हणाले.

"रेकॉर्ड तुमच्या आज्यानं लिवलं," मार्थाबाई म्हणाली. "माझ्या पणज्याला लिवता येत असतं तर त्यानं लिवलं असतं." मग माझ्याकडं वळली. "त्याचा फोटो नाय, मिस्त्री. थडग्यावर दगड नाय. नावबी नीट कुणाला ठाऊक नाय. हाय ते येवढंच हाय. हे पडलं की तो झालाच नव्हता."

मी पुन्हा चढलो आणि बोटाच्या पेरानं एकेक फळ, एकेक पान ठोकून बघितलं. घट्ट असलं तर ठक्क वाजतं, भिंतीपासून सुटलेलं असलं तर ढब्ब. डावीकडचा वेल सगळा ठक्क. उजवीकडचा निम्मा ढब्ब. नुसता सवयीनं चिकटून होता म्हणायला हरकत नाही. त्या बाजूला खार फुटला होता, बोट लावलं की मिठासारखी भुकटी. म्हणजे पाणी भिंतीत शिरत होतं आणि बाहेरच्या बाजूनं निघायला वाट नव्हती, म्हणून चर्चच्या आत येत होतं, येताना चुन्याला ढकलत होतं.

गच्चीवर गेलो. पन्हळीत पिंपळाचं रोप, कबुतरांची घरटी आणि कुणाची तरी चप्पल. कमिटीत अकरा माणसं, वर्षातनं चार बैठका, पण जिना चढायला एकाचा गुडघा चालत नव्हता. मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, तिच्यात मंडपाचं सामान आणि मोडक्या खुर्च्या. पत्र्याच्या फटीतनं हात घातला तर बोटांना लागलं सिमेंट. दगडी, चुन्यात बांधलेल्या भिंतीला बाहेरनं सिमेंटचा गिलावा!

मग माझं तोंड सुटलं. कमिटीच्या बैठकीत मी सगळ्यांपुढं म्हणालो, "ज्यानं हे थापलं त्याला गवंडी म्हणू नका. असंल कुणी बजाजनगरचा गाढव, क्वार्टरं बांधता बांधता इकडं चुकलेला. त्याच्या उस्तादाची लाज काढली त्यानं."

मार्थाबाई म्हणाली, "भेटला तर त्याला माझ्यासमोर आणा."

"आणतो की," मी म्हणालो. रुबाबात म्हणालो.

त्याच बैठकीत पीओपीवाला पण होता. त्यानं मोबाइलवर नमुने दाखवले. गुलाबी ढगातनं डोकावणारी गुटगुटीत बाळं, मागं निळे लाइट. आठ दिवसांत करून देतो म्हणाला. मी म्हणालो, भिंत उघडी करून एक उन्हाळा सुकवावी लागंल. मग सुटलेल्या वेलाच्या मागं पातळ चुना भरून तो पुन्हा भिंतीला धरवायचा. घाई केली तर हातातलं जाईल. निम्म्या कमिटीला बाळं आवडली होती. त्रिभुवनसाहेबांनी मधला मार्ग काढला, मधले मार्ग काढण्यातच त्यांचा जन्म गेला. पुढच्या नाताळपर्यंत वेल धरला नाही, तर सगळं उतरवून पीओपी.

आम्ही पन्हळ साफ केली, गच्चीच्या भेगा चुन्यानं भरल्या. आत परांची बांधली. उजवीकडच्या वेलाला गोधड्या लावून फळ्यांचा टेका दिला. कडेची तीन फळं तेवढी फळीच्या बाहेर राहिली, तिथं कमान वळत होती आणि फळी बसेना. म्हटलं दोन दिवसांत वेगळा टेका करू. मग शेड काढली आणि सिमेंटला हात घातला.

जुन्या भिंतीवरचं सिमेंट साधारण सहज निघतं, पापडासारखं. हे निघेना. छिन्नी बोथट झाली, रफिकचं मनगट दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी वरचा थर एका जागी सुटला आणि ताटाएवढा तुकडा खाली आला. खालच्या थरावर खवले होते.

माशाचे खवले, एकात एक अडकलेले. सिमेंटमध्ये. आणि उलट्या बाजूला वळलेले.

रफिकनं एका खवल्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "भाई, ये तो तुमाराच हात है."

मी म्हणालो, "गप."

पण तेवढ्यात सगळं आठवलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी चुन्याची कामं आटली होती. पोरांच्या शाळा, घरभाडं. उस्ताद म्हणायचे थांब, मी थांबलो नाही. त्यांना सोडून बजाजनगरला कामगारांच्या क्वार्टरांवर सिमेंटचं काम धरलं. उस्ताद दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवसांत एका ठेकेदारानं आम्हाला टेम्पोत घालून मिशनच्या कुठल्याशा आवारात आणलं होतं. मागच्या गेटनं आत, मागची भिंत, तीन दिवसांचं काम. ओल येते, जाड थापा, एवढंच सांगितलं. ते मागचं गेट आता भिंत घालून बुजवलंय, आणि मिशनच्या इमारती शहरात काय कमी आहेत? पुढनं चर्च आहे का गोदाम, हे बघायलासुद्धा मी गेलो नव्हतो. चहा प्यायलो, थापलं, निघालो.

दुसऱ्या कुणाचं असतं तर चार पावसाळ्यांत पडलं असतं आणि भिंत वाचली असती. माझं पडलं नाही. उस्तादांनी चुन्यासाठी शिकवलेली पकड मी सिमेंटला वापरली, सवयीनं, आणि वर अभिमानानं. वीस वर्षं त्या भिंतीला श्वास घेऊ दिला नाही. चांगलं काम केलं होतं मी. तेच नडलं.

आता शहाणा माणूस काय करतो? रफिकला चहा घ्यायला पाठवलं. छिन्नी ठेवली आणि घण उचलला. मार्थाबाई दुपारी यायची, भिंतीभोवती चक्कर मारायची, सगळ्याला बोट लावून बघायची. तिनं हे काय म्हणून विचारण्याआधी ते खवले मला भिंतीवर नको होते. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, जुन्या भिंतीवर घण घालायचा नाही, धक्का पलीकडं जातो. आणि मीच घातला. पाच-सहा घाव घातले असतील. आतनं आवाज आला.

पळत आत गेलो. टेक्याच्या बाहेर राहिलेली ती तीन सीताफळं फरशीवर पडली होती. पडली म्हणजे तुकडेसुद्धा उचलण्यासारखे राहिले नव्हते. खारानं आतनं पोखरलेलीच होती, भुकटी झाली. मी खाली बसलो.

रफिक चहा घेऊन आला, बघितलं. मागं जाऊन घण उचलला आणि गोणपाटात बांधून ठेवला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

दुपारी मार्थाबाई आली. भुकटीजवळ उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं. "कसं झालं?"

"पडली," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाय. पाडली. मी घण घातला." आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. तिला मागं नेलं, उरलेले खवले दाखवले, उस्तादांची रीत सांगितली, डावा हात दाखवला. "तुम्ही म्हणाला होता ना, भेटला तर आणा. आणलाय. मीच तो गाढव. मला माफ करा, बाई."

वाटलं होतं रडंल. नाहीतर म्हणंल, जाऊ द्या, झालं ते झालं. म्हाताऱ्या बायका म्हणतात तसं. ही नर्स होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, पेशंटनं पट्टी सोडून टाकल्यावर बघतात तसं.

"माफी-बिफी रविवारी," ती म्हणाली. "आज मंगळवार हाय. उरलेल्या फळांना टेका लावा. चढा वर."

चढलो. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत उजवीकडचा प्रत्येक इंच गोधडीनं बांधून काढला.

रविवार तिनं खरंच लक्षात ठेवला. प्रार्थना संपल्यावर मला पुढं बोलावलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाली, "सांगा सगळ्यास्नी."

एवढ्या लोकांपुढं मी जन्मात बोललो नव्हतो, शिव्या सोडल्या तर. सांगितलं. सिमेंट माझं, घण माझा, तीन फळं माझ्यामुळं गेली. त्रिभुवनसाहेब उठले. आवाजात दुःख होतं, पण पेनाचं टोपण आधीच काढलेलं.

"मला वाटतं विषयच संपला," ते म्हणाले. "ज्यांनी नुकसान केलं त्यांच्याच हातात पुन्हा काम देणं कमिटीला शोभणार नाही. पीओपीवाल्यांना कळवू या."

मी मान खाली घातली. रास्तच होतं ते. कामाचं वाईट वाटलं नाही, पण वेल आता माझ्या तोंडामुळं जाणार हे दिसत होतं. गप राहिलो असतो तर वाचला असता, हाही विचार आला.

मार्थाबाई बसल्या जागेवरनं म्हणाली, "त्रिभुवन, त्या सिमेंटचा ठराव कुणी केला होता? तवाबी तूच सेक्रेटरी व्हतास. ह्या माणसानं निदान उभं राहून सांगितलं. तू बसूनबी सांगितलं नाय."

कुणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, "मावशी, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

"व्हती ना. आन मी आता येवढंच म्हणते, ह्याचं चुकीचं काम वीस वर्स सुटलं नाय. बरोबर काम केलं तर किती टिकंल, हिशेब करा. तुझा पीओपीवाला वीस म्हयने देतो का लिवून?"

पीओपीवाल्यानं एक वर्षाची गॅरंटी लिहून दिली होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या बाकावर हशा झाला, आणि आमच्या लोकांचं कसं आहे, हसले की ठराव पास.

उन्हाळा आला. भिंत उघडी पडली तसा तिच्यातनं खार बाहेर यायला लागला. आम्ही कागदाचा ओला लगदा लावायचो, तो खार ओढून घ्यायचा, सुकला की काढून पुन्हा नवा. चार महिने हेच. बघणाऱ्याला वाटावं हे लोक पगारी आळशी आहेत. कन्सल्टंट मीटर घेऊन दोनदा आला, एकदा मीटरची बॅटरी संपली होती.

मग वेलाच्या मागं चुना भरायचं काम. साध्या पाण्यासारखा पातळ चुना, इंजेक्शनच्या मोठ्या सिरींजनं, बारीक भोकातनं. सिरींजा मार्थाबाईनं आणल्या. पहिल्या दिवशी खाली खुर्ची टाकून बसली आणि माझा हात बघून ओरडली, "आवो, काय म्हस टोचताय का? हळू! आधी पानी सोडा, वाट झाली का बघा, मग औषध." चाळीस वर्षं थापी धरलेल्या मिस्त्रीला इंजेक्शन द्यायला शिकवलं तिनं, आणि खरं सांगतो, तिचंच बरोबर होतं. माझा दाब जास्त पडत होता. रोज सकाळी एक फळ, जास्त नाही. भरायचं, टेका घट्ट करायचा, आठवडाभर हात लावायचा नाही. मग पेरानं ठोकायचं. पहिलं फळ ज्या दिवशी ढब्बचं ठक्क झालं, त्या दिवशी ती खुर्चीतनं उठली, पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाली, "दुसरं घ्या. बघता काय?"

नाताळच्या आधी परांची उतरली. सगळा वेल धरला होता. फक्त उजव्या टोकाला तीन फळांची जागा कोरी. वेल तिथं येतो, देठ आहेत, पुढं सपाट पांढरा चुना.

मला ती जागा झोपू देईना. डावीकडच्या फळांवरनं माप घेतलं. घरी तीन सीताफळं करून बघितली, अगदी तश्शी, डोळ्या-डोळ्याची. रफिकलासुद्धा जुनी कोणती, नवी कोणती कळेना. कापडात गुंडाळून चर्चात नेली आणि मार्थाबाईपुढं ठेवली. त्रिभुवनसाहेब खूश. म्हणाले, "वा! लावून टाका. नाताळला पाहुणे येतायत, द्राक्षवेल पूर्ण दिसला पाहिजे." त्यांच्या पत्रिकेत अजून द्राक्षवेलच छापलेला होता.

मार्थाबाईनं एक फळ हातात घेतलं, फिरवून बघितलं. "सुरेख झालंय," म्हणाली. मग ते पुन्हा कापडात ठेवलं आणि गाठ मारली.

"नका लावू. वेल माझ्या पणज्याचा हाय," ती म्हणाली. "ती कोरी जागा तुमची. तेवढं तुमच्या हातचं ऱ्हाऊ द्या."

लई लागलं मला ते. पण त्यात खोटं काय होतं?